ही तहान नक्की कोणाची? परजीवी आणि झपाटणं यांवर भयकथा रचताना

नारू झालेल्या माणसाच्या पायावर आधी फोड येतो. दोन-तीन दिवसांत तो फुगतो आणि पाय आतून पेटल्यासारखा होतो. माणूस विहिरीवर जातो, पायऱ्या उतरतो, पाय पाण्यात सोडतो. गार वाटतं. नेमका तेव्हाच फोड फुटतो, आत वाढलेल्या नारूच्या कृमीची पांढऱ्या दोऱ्यासारखी मादी तोंड बाहेर काढते आणि दुधट पाण्याबरोबर लाखो पिल्लं सोडून देते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव ती गिळतात. दोन आठवड्यांत पिल्लं तयार होतात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात उतरतात. मग जवळजवळ वर्षभर कुणाला काही कळत नाही.

नारूने माणसाला कुठलाही हुकूम केला नाही. त्याने आग लावली, पाण्याकडे माणूस आपल्या पायांनी गेला. त्याला आपलीच गरज भागल्यासारखं वाटलं आणि भागली नारूची. परजीवीवर किंवा झपाटण्यावर कथा लिहायला बसणाऱ्याने हा एक प्रसंग नीट पचवला, तर अर्धं काम झालं. दोन्ही विषयांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: मला आत्ता जे हवंय, ते मलाच हवंय का?

आपल्या भाषेला हे नातं आधीपासून ठाऊक आहे. ज्याच्या अंगात भूत किंवा देव येतो त्याला जुनी मराठी ‘झाड’ म्हणते. ‘झाड घुमतंय’, ‘झाडाला विचारा’, ‘झाड बोलायला लागलं’. झाडावर परक्याने येऊन बसायचं, त्याच्याच रसावर वाढायचं, हे आंब्यावरच्या बांडगुळात रोज दिसतं. फुलटोच्या पक्षी बांडगुळाचं फळ खातो, चिकट बी त्याच्या शेपटीखाली अडकतं, ते तो फांदीवर पुसतो. बी तिथेच रुजतं आणि फांदीच्या आत मूळ घुसवतं. काही वर्षांनी त्या जागी गाठ येते, गाठीपुढची फांदी वाळते आणि बांडगूळ मात्र हिरवंगार, फुलांनी लदलेलं असतं. लांबून पाहणाऱ्याला झाड बहरल्यासारखंच वाटतं. पुढे या लेखातही बाधा झालेल्या पात्राला ‘झाड’च म्हटलं आहे.

पायरी पहिली: परजीवीचं कुळ ठरवा आणि त्याचं जीवनचक्र एका पानावर लिहा

कथेची पहिली ओळ लिहिण्याआधी हे पान झालंच पाहिजे. त्यावर पाच गोष्टी हव्यात. तो आत कुठून शिरतो, राहतो कुठे, खातो काय, बाहेर कसा पडतो, आणि पुढच्या देहात जाण्यासाठी त्याला झाडाच्या वागण्यात नेमका कोणता बदल हवा असतो. पाचवं उत्तर म्हणजे तुमचं कथानक. ते सापडलं नसेल तर लिहायला बसू नका. नुसता किळस आणणारा किडा दोन पानांपलीकडे टिकत नाही.

निसर्गाने इथे भरपूर सामग्री ठेवली आहे. ती जशीच्या तशी उचलू नका, तिचं यंत्र उचला.

मुंगीला लागणारी ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी सगळ्यांना माहीत असते, पण तिच्याबद्दल बहुतेक कथांमध्ये चुकीचं लिहिलेलं असतं. बुरशी मुंगीच्या मेंदूत घुसून तिला चालवते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तिच्या पेशी शरीरभर पसरतात आणि जबड्याच्या स्नायूंना जाळ्यासारखा वेढा घालतात. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहतो. मुंगी जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर पानाच्या खालच्या बाजूला जाते, शिरेला करकचून चावते आणि तशीच मरते. थायलंडच्या जंगलातल्या निरीक्षणांत हा चावा भर दुपारच्या सुमारास पडत असल्याचं दिसलं. आता विचार करा, कोणती कथा जास्त भीतीदायक होईल? ज्याचं मन गेलं आहे अशा माणसाची, की ज्याचं मन जागं आहे पण हात आपले राहिलेले नाहीत, अशाची?

खेकड्याला लागणारा सॅक्युलिना वेगळ्या जातीचा आहे. तो खेकड्याची प्रजननशक्ती मारतो आणि मादी जिथे अंडी बाळगते तिथे, पोटाखाली, आपली पिशवी वाढवतो. मादी ती पिशवी आपली अंडी समजून साफ करते, तिला पाण्याचा वारा घालते. नर सापडला तर त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तोही आईपण करू लागतो. हे यंत्र प्रेमाचं आहे. मूल, दत्तक, सेवा, आजारपण यांभोवतीच्या कौटुंबिक कथेला याच्याइतकं चपखल दुसरं नाही.

झुरळ पकडणारी हिरवी चमकदार गांधीलमाशी आधी छातीत डंख मारते, त्याने पुढचे पाय काही मिनिटं लुळे पडतात. मग ती थेट डोक्यात दुसरा डंख मारते. यानंतर झुरळाला पळता येतं, पण पळावंसं वाटत नाही. माशी त्याला मिशीला धरून आपल्या बिळाकडे नेते आणि ते मुकाट चालत जातं. हे इच्छा मारण्याचं यंत्र.

यांपैकी कोणतंही निवडा, पण एका कथेत एकच. दोन यंत्रं एकत्र केली की वाचकाला नियम कळत नाहीत, आणि नियम कळल्याशिवाय पुढे काय होणार याची धास्ती बसत नाही.

पायरी दुसरी: झाड आधी माणूस म्हणून उभं करा

कथा चार हजार शब्दांची धरली, तर पहिले पाचशे ते सहाशे शब्द बाधेचं नावही न काढता झाडाच्या एका जुन्या, खऱ्या, थोड्याशा लाजिरवाण्या इच्छेला द्या. सुनेला माहेरी जायचंय. थोरल्याला वाटणी हवीय. म्हातारीला कुणीतरी आपलं ऐकावं असं वाटतंय. बाधा झाल्यावर झाड जे करेल ते या इच्छेच्याच रस्त्याने गेलं पाहिजे, निदान सुरुवातीला. म्हणजे घरच्यांना वाटेल, ही तर पहिल्यापासून अशीच हट्टी. वाचकालाही तसंच वाटेल.

अंगात येण्याच्या खऱ्या प्रसंगांकडे नीट पाहिलं, तर हे आपोआप कळतं. घरात ज्या बाईला बोलायची सोय नसते, ती घुमायला लागली की सासरा हात जोडून समोर बसतो. तिला हिरवं लुगडं मिळतं, तिचा शब्द ऐकला जातो. याचा अर्थ ती नाटक करते असा नाही. तिच्याकडून बोलणारं जे कोणी आहे, त्याला तिचंच दुःख माहीत आहे, एवढंच. या जागेवर लेखकाने हळुवार असायला हवं. तिला लबाड ठरवलंत तर कथा मेली, आणि तिला नुसतं भुताचं भांडं केलंत तरी मेली.

पायरी तिसरी: गावाचं भूत गावातलंच हवं

प्रत्येक भागाचा शब्द वेगळा, आणि शब्दाबरोबर नियमही वेगळे. देशावर ‘अंगात येतं’, ‘वारं येतं’. दक्षिण कोकणात देवाचा ‘अवसर’ येतो. गोव्यात ‘भार’ येतो, तिथे देवचार आणि राखणदार सीमेवर फिरतात. ‘लागीर’, ‘बाहेरची बाधा’, ‘धरलंय’, ‘पछाडलंय’ हे घरोघरचे शब्द. उपाय करणारा कुठे देवऋषी, कुठे भगत, कुठे मांत्रिक. सिंधुदुर्गातल्या कथेत देवऋषी आणि विदर्भातल्या कथेत अवसर आला, की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

भुतांचीही कुळं आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, त्याची वस्ती पिंपळावर. समंध मालमत्तेला चिकटून राहतो. गिऱ्हा रात्री पाण्याच्या वाटेवर चकवतो. साती आसरा विहिरी-नद्यांच्या काठी असतात, शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपात, आणि त्यांची ओटी हिरव्या बांगड्यांनी भरतात. तुम्ही निवडलेल्या परजीवीचं चक्र पाण्यातून जात असेल तर आसरा किंवा गिऱ्हा घ्या. जमिनीच्या वादाची कथा असेल आणि बांडगुळाचं यंत्र असेल तर समंधच हवा. भूत आणि परजीवी एकाच वाटेने चालले पाहिजेत. ही जोडी जमली की पुढचं निम्मं कथानक स्वतःहून सुटतं.

एक जोडी उलगडून पाहू

हे सगळं प्रत्यक्षात कसं जुळतं ते एका आराखड्यावर दाखवतो. खानदेशातलं गाव, साल १९६५ च्या आसपास. तेव्हा महाराष्ट्रात नारू होता; देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. कथेतल्या सुमनचं लग्न वैशाखात झालं. सासरी पाऊल ठेवल्यावर तिला गूळपाणी दिलं, ते बारवेचं. पुढच्या वैशाखात आखाजीला ती माहेरी येते. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण, झोके, गाणी. त्याच आठवड्यात तिच्या घोट्यावर फोड येतो. नारूला आत शिरल्यापासून बाहेर यायला दहा ते चौदा महिने लागतात, म्हणजे हिशेब बरोबर बसतो. पाय जळायला लागतो. ती रात्री उठून माहेरच्या बारवेवर जाते, सात दगडांच्या शेजारून पायऱ्या उतरते आणि पाय पाण्यात सोडून बसते. आई म्हणते, हिला आसरांनी धरलं.

यात परजीवीला काय हवं? पाणी. आसरांना काय हवं? पोरीने पाण्यापाशी यावं. सुमनला काय हवं? गारवा, आणि सासरी परत न जाणं. तीन इच्छा, एकच पायवाट. वाचकाला भूत दिसो की कृमी, सुमन रात्री उठून चालू लागली की त्याच्या पोटात गोळा आलाच पाहिजे, कारण माहेरची बारव आत्तापर्यंत स्वच्छ होती.

या आराखड्यात एक पात्र हवंच: पाणी दुपदरी फडक्याने गाळून पिणारी आजी. सायक्लॉप्स कापडात अडकतात, म्हणून ती एकटी वाचणार. तिला कारण माहीत नाही, तिच्या सासूने शिकवलं म्हणून ती गाळते. ती जुन्या लुगड्याचा घडी घातलेला तुकडा घागरीच्या तोंडावर कसा बसवते, मधोमध अंगठ्याने खळगा कसा पाडते, पाणी हळू का ओतते, हे एकदा दाखवायचं, नंतर त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. दुसऱ्यांदा ते फडकं दिसावं ते फक्त शेवटच्या पानावर.

पायरी चौथी: वेळापत्रक

बाधा सतत अंगावर असेल तर वाचक तिला सरावतो. ती यायला-जायला हवी, आणि तिच्या येण्याजाण्याला घड्याळ हवं. मुंगीतल्या एका पर्णकृमीचं उदाहरण यासाठी अमोल आहे. संध्याकाळी हवा गार झाली की बाधित मुंगी गवताच्या टोकावर चढून पात्याला चावून बसते, म्हणजे चरणाऱ्या गुराच्या तोंडात जाईल. रात्रीत कुणी खाल्लं नाही आणि सकाळी ऊन तापलं, की ती खाली उतरते आणि इतर मुंग्यांबरोबर निमूट कामाला लागते. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा तेच.

हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी दिवसा फुप्फुसांतल्या खोल रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण डास रात्री चावतो. म्हणूनच गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री घरोघर जात. दहा वाजून गेल्यावर दारावर थाप, हातात कंदील, बोटाला सुई. या प्रसंगाला भुताची गरजच नाही.

चार हजार शब्दांच्या कथेत बाधेचे चार झटके पुरे. पहिला इतका छोटा असावा की वाचकाने तो ओलांडून जावा. दुसरा घरातल्या एकानेच पाहावा. तिसरा सगळ्यांसमोर. चौथा झाड एकटं असताना, आणि यावेळी वाचक त्याच्या डोक्याच्या आत असावा. मधल्या दिवसांत झाड पूर्ण बरं दिसलं पाहिजे. ते भाकऱ्या थापेल, हसेल, आदल्या रात्रीचं आठवत नाही म्हणेल. हे बरं दिसणं लिहिताना हात आखडू नका. भीती तिथेच मुरते.

पायरी पाचवी: अंगावरची लक्षणं

पांढरे डोळे, मोकळे केस, पुरुषी घोगरा आवाज, भिंतीवर चढणं ही लक्षणं इतकी वापरली गेली आहेत की ती आता वाचकाला धीर देतात. त्यांच्याऐवजी सवयी बदला. चहात साखर घेणारा मिठाचा खडा मागतो. उशीवर झोपणारी उशी पायाखाली घेते. दोन डंख बसल्यावर झुरळ पळायचं सोडून अर्धा तास आपल्या मिशा आणि पाय साफ करत बसतं. झाडाला असं एखादं निरर्थक, सावकाश, पुन्हा पुन्हा होणारं काम द्या. नखं कोरणं. एकच ताट पाच वेळा घासणं.

फिट आणि अंगात येणं यांतला फरक लेखकाला माहीत हवा, कारण कथेतला डॉक्टर तो पाहणार. मोठ्या फिटमध्ये शरीर आधी ताठ होतं, मग झटके येतात, डोळे बहुधा उघडे असतात, जिभेची कड चावली जाते, लघवी होऊ शकते, आणि हे सहसा एक ते तीन मिनिटांत आटोपतं. नंतर माणूस गोंधळलेला आणि गाढ थकलेला असतो. घुमणं तासभर चालू शकतं, डोळे बहुधा मिटलेले असतात, त्यात ताल असतो, आणि घुमणारं माणूस चुलीत पडत नाही. कथेत डोळे उघडे ठेवून, जीभ चावून, तासभर डफाच्या तालावर घुमणारी बाई आली तर दोन्ही बाजूंचे जाणकार नाराज होतील. हे मिश्रण तुम्हाला मुद्दाम करायचं असेल तर जरूर करा, पण मग डॉक्टरला ते खटकलं पाहिजे.

मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठी हे वैद्यकातलं खरंखुरं झपाटणं आहे. अंडी दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे आयुष्यभर माळ पाळलेल्या, मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. गाठी वर्षानुवर्षं गप्प असतात. गाठ मरायला लागली की शरीराला तिचा पत्ता लागतो, सूज येते आणि फिट सुरू होतात. म्हणजे पाहुणा जिवंत आहे तोवर घर शांत, तो मरताना घर पेटतं. शेवटाकडे हे कामाला येईल.

पायरी सहावी: झाडाची भाषा

इथे मराठी लेखकाच्या हातात जे आहे ते इतर अनेक भाषांत नाही, आणि तरी त्याचा वापर फारच कमी होतो.

आपल्या क्रियापदातून बोलणाऱ्याचं लिंग कळतं. ‘मी जाते’ म्हणणारी एका रात्री ‘जातो’ म्हणाली, की आणखी काही करायची गरज नाही. त्यातही एक खोली आहे. कर्ता गाळला तर ‘जातो’ हे पुरुषाचं एकवचनही असतं आणि ‘आम्ही’चं अनेकवचनही. सुमनच्या कथेत ते असं येईल:

“माय, बारवेवर जाऊन येते.”
“आत्ता? दिवा लागून किती वेळ झाला.”
“पाय धुते नि येते गं. आग आग होतेय नुसती.”

आणि तीन रात्रींनंतर:

“माय, बारवेवर जाऊन येतो.”

आईचा हात पाट्यावर थांबतो. वरवंट्याखालून चटणीचं पाणी ओघळत राहतं. ती मान वर करत नाही. एवढंच लिहा. वाचकाला आधी वाटेल, हिच्यात कुणी पुरुष शिरला. पुढे सात दगड आठवले की कळेल, हे अनेकवचन होतं. शेवटी पाण्यात सुटलेली लाखो पिल्लं दिसली की तेच अनेकवचन तिसऱ्यांदा उलटेल. एका ‘तो’वर तीन वेळा काम होतं. फक्त प्रांत तपासा: कोल्हापूरकडे बायका सहज ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. तिथली कथा असेल तर ही युक्ती उलटी फिरवावी लागेल, म्हणजे झाड अचानक ‘आले, जाते’ असं पुस्तकी बोलू लागेल.

दुसरं हत्यार ‘आपण’ आणि ‘आम्ही’. समोरच्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. आतला जो आहे तो झाडाशी बोलताना ‘आपण’ म्हणेल: आपण पाण्यावर जाऊ. घरच्यांशी बोलताना ‘आम्ही’. ज्या दिवशी झाड स्वतः नवऱ्याला ‘आम्ही’ म्हणून उत्तर देतं आणि त्यात नवरा नसतो, त्या दिवशी नवरा परका झाला. याउलट, आतल्याने एखाद्या लहान पोराला पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं, तर ते पोर पुढचं झाड आहे हे वाचकाने ओळखावं.

तिसरं म्हणजे मान. आत्याबाईंना ‘अहो’ म्हणणारी सून एकदाच ‘ए’ म्हणते. एकदाच. याची पुनरावृत्ती झाली की विनोद होतो.

पायरी सातवी: देवऋषी, डॉक्टर आणि कायदा

उतरवण्याचा प्रसंग बहुतेक कथांत बिघडतो, कारण तो आरडाओरड्याचा केला जातो. प्रत्यक्षात तो सौद्याचा असतो. तू कोण, कुठे धरलंस, काय पाहिजे, कधी सोडणार, जाताना खूण काय देणार, अशा ठरलेल्या क्रमाने प्रश्न जातात. झाड उत्तर टाळतं, घासाघीस करतं. कोंबडं, नारळ, दहीभाताचा उतारा, तिठ्यावर ठेवायची वेळ. हा प्रसंग बाजारातल्या बोलीसारखा थंडपणे लिहा, सहाशे शब्दांच्या आत. देवऋषी मूर्ख नको आणि सर्वज्ञही नको. त्याला एक गोष्ट बरोबर कळावी, पण तिचं कारण चुकीचं असावं. सुमनच्या कथेत तो सांगेल की पोरीला पाण्यापासून लांब ठेवा. सल्ला योग्यच आहे. पण सांगितलेलं कारण आसरा असल्यामुळे आई देवीला दुखवायला घाबरते आणि रात्री दाराची कडी काढून ठेवते.

कथा २०१३ नंतरची असेल तर जादूटोणाविरोधी कायदा विसरून चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, केस उपटणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. म्हणजे आजच्या गावात हा प्रकार दार लावून, फोन बाहेर ठेवून, कुजबुजत होईल. ही दडपण्याची धडपड कथेला ढोलताशांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

डॉक्टरला खलनायक करू नका. मानसोपचारात झपाटलेपणाची अवस्था विकार म्हणून ओळखली जाते, पण ती मनाविरुद्ध येत असेल आणि त्या समाजात मान्य असलेल्या उपासनेचा भाग नसेल तरच. जत्रेत वारं घेणाऱ्या बाईला डॉक्टर रुग्ण म्हणणार नाही. हा बारकावा ठेवलात तर डॉक्टर खरा वाटतो. आणि एक आग्रहाची विनंती: फिट येणाऱ्या मुलीला औषधाऐवजी उतारा देणं कथेत यशस्वी करून दाखवू नका. भयकथा वाचणाऱ्यांच्या घरांतही अशा मुली आहेत.

पायरी आठवी: दुहेरी वही

कथा ‘भूत की आजार’ अशा दुहेरी वाटेने जाणार असेल तर वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला प्रत्येक घटनेचं बाधेचं कारण, उजव्या बाजूला शरीराचं. दोन्ही रकाने शेवटपर्यंत भरलेले हवेत. कुठे रिकामी जागा राहिली तर ती घटना काढा किंवा बदला. नवखा लेखक उजवा रकाना अर्धा सोडतो आणि त्याला गूढता म्हणतो; वाचक त्याला आळस म्हणतो.

फक्त एक घटना अशी ठेवा जिथे दोन्ही कारणं सारखीच खरी आहेत आणि दोन्ही कारणांनी परिणाम एकच होतो. सुमनचं पाण्यात उतरणं ही ती घटना.

पायरी नववी: बाहेर काढणं

नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, दोन-चार बोटं, फिरवत राहायचं. मादी दोन-तीन फूट लांब, म्हणून यात दिवस जात, कधी आठवडे. घाई करून ओढलं आणि तुटलं, तर उरलेला भाग आत आक्रसतो, पाय सुजतो, पू होतो, माणूस महिनोन् महिने जागचा हलत नाही. चांगल्या शेवटाचं हे नेमकं माप आहे. सुटका सावकाश असावी, कुणाच्या तरी हातात काडी असावी, आणि एका क्षणी त्या माणसाचा धीर सुटावा.

तीन शेवट चालतात. परजीवी निघाला, पण त्याचं काम आधीच झालं होतं. परजीवी मेला, आणि मेंदूतल्या गाठीसारखा तो मरण्यामुळेच झाड कोसळलं. किंवा परजीवी निघाला आणि झाडाला तो आता हवा आहे, कारण त्याच्याशिवाय कुणी त्याचं ऐकत नाही. तिसरा सर्वांत अवघड, आणि झपाटण्याच्या कथेला सर्वांत साजरा. शेवटच्या ओळीत हाताची मूठ आवळणं, आरशात हसणं, डोळा उघडणं यांतलं काही आलं तर ते खोडा. अशी ओळ कथेला दहा हजार कथांच्या रांगेत नेऊन उभी करते.

फेरतपासणी करताना

पहिला मसुदा आठवडाभर बाजूला ठेवा, मग रंगीत पेन्सिल घेऊन बसा. ‘अचानक’, ‘भयानक’, ‘विचित्र’, ‘थरकाप’ हे शब्द जिथे जिथे असतील तिथे खूण करा. चार हजार शब्दांत एकूण तीनच ठेवा. परजीवीला राग, सूड, क्रौर्य दिलं असेल तर काढून टाका. बांडगुळाला आंब्याचा राग नसतो. त्याला फक्त रस हवा असतो, आणि माणसाला सहन होत नाही ते हेच. वैज्ञानिक माहितीचे उतारे मोठ्याने वाचा. सलग तीन वाक्यांपेक्षा जास्त कुणी पात्र समजावून सांगत असेल तर मधे कुणाला तरी दार वाजवायला लावा.

मग वेळापत्रक पडताळा. नारूचं चक्र घेतलं असेल तर बोटांवर महिने मोजा: दूषित पाणी कधी प्यालं, फोड कधी आला, पाण्यात पाय कधी गेला, आणि पुढच्या घरांत फोड कधी येतील. सुमनच्या कथेचं शेवटचं पान म्हणून पुढच्या वर्षीच्या आखाजीचं आहे. झोके बांधले आहेत, पण मुली झोक्यावर चढत नाहीत. उंबऱ्यावर बसून घोटे चोळतायत. आजी घागरीच्या तोंडावर फडकं बसवते, मधोमध अंगठ्याने खळगा पाडते. नात विचारते, “तू एकटीच का गं गाळतेस?”

“सासूबाईंनी सांगितलेलं,” आजी म्हणते, आणि हळू ओतत राहते.